वाढणारीचा डाव

पत्ते म्हटलं की आपल्याला आठवतात ते मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात. पिसायचे, वाटायचे आणि वाट्याला येईल ते हातात धरून कुरकुरत खेळायचं. आताची मुलं आपापले पत्ते घरून घेऊन येतात. ज्याचा त्याचा कॅट वेगळा, त्याला म्हणायचं डेक, आणि तो एकेक पत्ता निवडून स्वतः जुळवलेला. शनिवार पेठेत माझ्या बहिणीकडे रविवारी दुपारी असे चौघं जमतात, तीन मुलगे आणि माझी सतरा वर्षांची भाची. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. पत्त्यांवर ड्रॅगन, चेटकिणी, राक्षस. 'हे काय खूळ' म्हणणाऱ्यांनी आपली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवावी. तिच्यातही 120 पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह असतातच की.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 1993 मध्ये काढलेला हा खेळ मुळात दोघांचा. प्रत्येकाला 20 जीव, आणि समोरच्याचे संपवायचे. ही मुलं खेळतात तो त्यातला 'कमांडर' नावाचा प्रकार. त्यात बहुधा चौघं बसतात, 100 पत्त्यांचा डेक, साधे जमिनीचे पत्ते सोडले तर एकही पत्ता दोनदा नाही, एक म्होरक्या सगळ्यांसमोर उघडा ठेवलेला आणि जीव प्रत्येकी 40. शेवटी उरेल तो जिंकला.

आता गंमत बघा. दोघांत खेळताना झपाझप हल्ला करणारा डेक भारी पडतो. चौघांत त्याला तिघांचे मिळून 120 जीव संपवायचे असतात. एकाला लोळवेपर्यंत याचाच दम संपतो आणि उरलेले दोघं आरामात टपून बसलेले. दुसऱ्याचा प्रत्येक बेत हाणून पाडणारा डेकही तसाच फसतो. तू एक पत्ता घालवलास, त्याचा एक गेला, फायदा कुणाचा? गप्प बसलेल्या दोघांचा. तिसरा प्रकार म्हणजे आतल्या गाठीचा. काही करत नाही, कुणाला दुखवत नाही आणि अचानक दोन पत्ते एकत्र मांडून सगळा डाव संपवतो. चौघांच्या टेबलावर जो ताकदवान दिसतो त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात, म्हणून न दिसणं हीच इथे मोठी विद्या. (संयुक्त कुटुंबात नांदलेल्या बाईला हे वेगळं शिकवायला नको.)

माझ्या भाचीचा डेक चौथ्या जातीचा होता. मुलं त्याला 'ग्रुप हग' म्हणतात, म्हणजे सगळ्यांना भरभरून देणारा. त्यातला एक जुना पत्ता आहे, 'हाउलिंग माइन'. तो मांडला की प्रत्येकाला आपापल्या पाळीत एक पत्ता जादा मिळतो. दिसायला अगदी समन्याय. पण नीट बघा, मांडणारी तो आपल्या पाळीत मांडते, खर्च तिचा, आणि तिची पाळी पुन्हा येईपर्यंत तिघांनी जादा पत्ता उचललेला असतो. सगळ्यांना गरम गरम वाढून शेवटी ताटावर बसणारी बाई आठवली की नाही?

टेबलावर ती सगळ्यांची लाडकी. तिच्यावर कुणी हल्ला करत नसे, दर रविवारी आग्रहाने बोलावणं. जिंकत मात्र कधीच नसे. तिने सगळ्यांना सारखंच दिलं तरी ते सगळ्यांना सारखंच लागू पडत नाही, त्या आतल्या गाठीच्या डेकला सगळ्यात जास्त फळतं. कोण जिंकणार हे तिच्या देण्यावर ठरायचं, आणि ती स्वतः त्यात नसायची. कुणी म्हणेल, खेळच आहे, हसतखेळत झालं म्हणजे पुरे. मला ते पटत नाही. मुलगे तिघंही जिंकायला बसलेत, मग हिनेच तेवढं खेळीमेळी सांभाळायला बसायचं?

देणाऱ्या डेकवर माझा राग नाही. 1996 मध्ये आलेला एक जांभळा, पंखवाला पाणघोडा या प्रकाराचा जणू कुलदैवत आहे. त्याचं नाव 'फेल्डॅग्रिफ'. 'गारफिल्ड पीएच.डी.' या इंग्रजी अक्षरांची उलथापालथ करून ते केलंय. तो प्रतिस्पर्ध्याला छोटा पाणघोडा देतो, जीव देतो, पत्ता देतो. पण फुकट नाही हं! पाणघोडा दिला की त्याला आडवा आलेल्याला तुडवून पुढे जाता येतं, जीव दिले की उडता येतं आणि पत्ता दिला की संकटातून सुटून हातात परत येता येतं. प्रत्येक देण्याचा मोबदला पत्त्यावरच छापलाय.

या मे महिन्यात भाचीने डेक बदलला. नवा म्होरक्या 'नेकुसार', 2013 चा. तोही प्रत्येकाला जादा पत्ता देतोच, फक्त प्रतिस्पर्ध्याने पत्ता उचलला की प्रत्येक पत्त्यामागे त्याचा एक जीव घेतो. नेहमीचा एक आणि जादाचा एक, म्हणजे दर पाळीला किमान दोन. 'हाउलिंग माइन' जुन्या डेकमधून नव्यात जसाच्या तसा आला. महिन्याभरात तिने दोन डाव जिंकले. (खर्चाचं विचाराल, तर हवे ते पत्ते सुटे घ्यावेत. बंद पाकिटं फोडत बसणं हा निव्वळ जुगार, हे मी बहिणीला बजावलंय.)

आणि कुरबुर सुरू झाली. आता पहिल्या पाळीपासून तिघंही तिच्यावर. ते मला मान्य आहे, खेळच तसा आहे. मान्य नाही ते पुढचं. "तू बदललीस", "आधी किती मजा यायची". बहीणसुद्धा म्हणाली, "बरी होती की ती आधीची, कुणाशी वाकडं नव्हतं." डाव संपवणारी ती दोन पत्त्यांची जोडी वर्षभर आणणाऱ्या मुलाला 'तू बदललास' असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्याला 'डोकेबाज' म्हणतात.

या खेळात डाव मांडण्यापूर्वी आपला डेक किती ताकदीचा ते सांगायची पद्धत आहे. पूर्वी जो तो 'दहापैकी सात' म्हणायचा, स्थळाच्या माहितीतल्या 'गव्हाळ'सारखंच ते. 2025 मध्ये कंपनीनेच पाच पायऱ्या ठरवून दिल्या. पण चौघांचं एकमत असेल तर एखादा डेक आणू नये असंही ठरवता येतं, आणि मुलांनी आता तेच काढलंय, की नेकुसार नको. भाची म्हणाली, "चालेल मावशी, पण मग ती दोन पत्त्यांची जोडीपण नको." गेले तीन रविवार त्यावर वाटाघाटी चालल्यात. 'हाउलिंग माइन'बद्दल अजून कुणीच हरकत घेतलेली नाही.