भिंतीचा ताळेबंद

दसरा झाला की घराघरांत विषय निघतो, ‘यंदा तरी घराला रंग काढायचा का?’ मग रंगाऱ्याला बोलावणं, त्याचा आकडा ऐकून गप्प बसणं आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ हा ठराव एकमताने मंजूर करणं. आमच्या घरी तो सलग आठ वर्षं मंजूर झाला. मी निवृत्त झाल्यावर मात्र सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आता तुम्हाला वेळ आहे. आपणच काढू या.’’ छत्तीस वर्षं लोकांच्या घरांसाठी कर्जं मंजूर केली, पण स्वतःच्या भिंतीला कधी हात लावला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

वास्तविक लहानपणी हे काम घरचंच होतं. वाईच्या आमच्या जुन्या घरी दिवाळीआधी पिंपात कळीचा चुना भिजत पडे. पाणी पडताच तो उकळू लागे आणि आम्हा पोरांना दूर पिटाळलं जाई, कारण चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्यावरच बेतायचं. दुसऱ्या दिवशी तो गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची. कुंचा फिरवताना भिंत मळकटच दिसे. वाळता वाळता पांढरेपण वर येई. खाली गेरूचा पट्टा ओढला की दिवाळी आली.

आम्ही सुरुवातीला एकच खोली घेतली. दहा बाय बारा, उंची दहा फूट; म्हणजे चार भिंतींचे 440 चौरस फूट. रंगाच्या दोन हातांना दोन दिवस पुरले. त्याआधीचे पाच दिवस मात्र खरवडण्यात, भेगा भरण्यात आणि लांबी लावून घासण्यात गेले. त्यातच कपाट सरकवल्यावर मागे पोपडे दिसले. पलीकडे न्हाणीघर. आधीच्या दोन्ही वेळी त्या ओलीवरच रंग चढवलेला होता.

मलाही मोह झाला. पुन्हा एक हात मारला की वर्षभर कुणाला कळणार नव्हतं. पण मार्चअखेरीला थकलेल्या खात्याला नवं कर्ज देऊन ते सुदृढ दाखवण्याची क्लृप्ती मी पाहिलेली आहे आणि पुढे तिचं काय होतं तेही. प्लंबरला बोलावलं. नळाचा सांधा गळत होता. तो बदलला, पण भिंत वाळायला वेळ हवा होता. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा तीन भिंती रंगलेल्या आणि एक उघडी. सौभाग्यवती सरळ सांगत, ‘‘ती आजारी आहे.’’

दुसरा धडा खिडक्यांनी दिला. जुना ऑइलपेंट कोरडाच घासायला मी बसलो होतो, नातू शेजारी खेळत होता. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे 2016 च्या नियमांनी घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्ष भागांमागे 90 भागांची मर्यादा घातली आणि उत्पादकांना ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचे थर अनेक घरांत अजून आहेत. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. मी नातवाला मुलीकडे धाडलं, तोंडावर धुळीचा मास्क बांधला, पाणी लावून घासलं आणि चोथा ओल्या फडक्याने टिपला. रंग सुटत नसेल तर न खरवडता त्यावरच नवा हात द्यावा, हेच शहाणपणाचं.

बाहेरच्या भिंतींनी पावसाळाभर पाणी प्यायलेलं असतं. चांगली उन्हं खाल्ल्याशिवाय त्यांना रंग धरत नाही. तारेच्या ब्रशने शेवाळ काढून हाताला पोचेल तेवढा भाग आम्ही केला. वरच्या मजल्यासाठी परांचीवर चढणारा कारागीर बोलावला. पाच दिवस भिंत घासल्यामुळे त्याच्या मजुरीत घासाघीस करायला जीभ वळली नाही. कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय मात्र त्याला चढू दिलं नाही. पट्ट्याचे पैसे आम्ही दिले.

सगळं घर स्वतः रंगवा, असं मी म्हणणार नाही. पण निदान एक खोली स्वतः घासून पाहावी. बँकेत आधी कागद तपासायचे, मग सही करायची. रंग ही भिंतीवरची सहीच. आमच्या चौथ्या भिंतीवर ती जानेवारीत झाली.