‘मेक अप’ : रंगाचा, रोज्याचा आणि रुसव्याचा



ईद होऊन आठवडा झाला होता. आमच्या शेजारच्या खालांना इंग्लंडहून त्यांच्या भाचीचा फोन आला. मुलगी तिथेच वाढलेली. मराठी कळते, पण बोलताना इंग्रजीच तोंडात येते. ती म्हणाली, ‘‘खाला, आय हॅव फोर फास्ट्स टू मेक अप.’’ मग जरा थांबून, ‘‘अँड अम्मी वॉण्ट्स टू मेक इट अप टू यू.’’

खालांनी दोन्ही वाक्यांतला ‘मेकअप’ तेवढा पकडला आणि आमच्याकडे आल्या. ‘‘रोज्यात मेकअप कसला? आणि दोन वर्षं न बोलणारी बहीण आता मला लाली-पावडर पाठवणार?’’

आम्हाला हसू आले, पण ते आवरले. दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांना कळणे फार गरजेचे होते. म्हणून या महिन्याचा पाठ ‘मेक अप’चाच.

तोंडाला लावतात तो ‘मेकअप’ हे नाम आहे. ते उच्चारताना जोर ‘मेक’वर येतो. क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर जातो आणि अर्थ बदलत जातो. आधी तीन सोपे अर्थ पाहू.

पहिला, मनाने रचणे. ‘ही मेड अप अ स्टोरी’ म्हणजे त्याने गोष्ट रचून सांगितली. मोबाईलवर हदीस म्हणून फिरणारा एखादा मजकूर ‘मेड-अप’, म्हणजे बनावट असू शकतो. खात्री केल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.

दुसरा, मिळून बनणे. ‘द कुरआन इज मेड अप ऑफ 114 सूराज्’ म्हणजे कुरआन 114 सूरांचा मिळून बनला आहे. इथे ‘ऑफ’ विसरू नका.

तिसरा, निश्चय करणे. ‘शी हॅज मेड अप हर माइंड’, तिचे ठरले आहे.

आता भाचीचे पहिले वाक्य. राहिलेली गोष्ट नंतर पूर्ण करणे म्हणजेही ‘मेक अप’. प्रवास, आजार किंवा मासिक पाळी यांमुळे सुटलेले रोजे रमजाननंतर ठेवायचे असतात. त्याला आपण कजा म्हणतो. इंग्रजी बोलणारे मुसलमान ‘मेक अप’ म्हणतात. भाचीचे चार रोजे प्रवासात सुटले होते, एवढाच त्याचा अर्थ.

पण ‘फॉर’ जोडला की अर्थ सरकतो. ‘मेक अप फॉर’ म्हणजे एका गोष्टीची उणीव दुसऱ्या गोष्टीने भरून काढणे. आजोबा फार थकले आहेत, पुढेही रोजा ठेवता येण्याची आशा नाही; मग दर रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचे, तो फिदया. रोज्याच्या बदल्यात रोजा, ते ‘मेक अप’. रोज्याच्या बदल्यात अन्नदान, ते ‘मेक अप फॉर’. कजा आणि फिदया यांतला फरक ध्यानात ठेवला की हा फरकही विसरणार नाही.

एक नियम पाठ करा. ‘मेक अप द फास्ट्स’ बरोबर आहे, पण ‘देम’ किंवा ‘इट’ आला तर तो मध्ये बसतो : ‘मेक देम अप’. ‘मेक अप देम’ चूक.

राहिले दुसरे वाक्य. ‘मेक अप विथ समवन’ म्हणजे भांडण मिटवून पुन्हा एक होणे. त्याला दोघांची तयारी लागते. ‘मेक इट अप टू समवन’ म्हणजे आपल्याकडून दुखावल्या गेलेल्या माणसाची भरपाई करणे. त्यात चूक आपली होती ही कबुली असते. दोन वर्षांपूर्वी बहिणीने मुलाच्या लग्नाची पत्रिका स्वतः न देता दुसऱ्याच्या हाती पाठवली, तेव्हापासूनचा हा अबोला. आता तीच बहीण लेकीच्या तोंडून सांगत होती, ‘माझे चुकले, मला ते भरून काढायचे आहे.’

हे ऐकून खाला बराच वेळ गप्प बसल्या. तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये आणि दोघांत जो आधी सलाम करतो तो चांगला, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांना आम्ही सांगायची गरज नव्हती. त्या रात्री त्यांनी स्वतःच फोन लावला. इंग्रजीत नव्हे, आपल्याच बोलीत.

आता तुमची पाळी. रिकाम्या जागी ‘विथ’, ‘फॉर’ किंवा ‘ऑफ’ घाला :

1. द टीम इज मेड अप — इलेव्हन प्लेयर्स.
2. वी मस्ट मेक अप — लॉस्ट टाइम.
3. ही मेड अप — हिज ब्रदर बिफोर ईद.

उत्तरे पुढच्या अंकात. तिसरे वाक्य मात्र वहीत लिहून थांबू नका.