खोटी कुस्ती, खरा खांदा

"आजोबा, ही कुस्ती खोटी असते," नातवाने मला बजावले. मी जपानमधली 'जी-१ क्लायमॅक्स' पाहत बसलो होतो. न्यू जपान प्रो-रेसलिंग ही कंपनी १९९१ पासून दरवर्षी ही स्पर्धा भरवते. निकाल आधी ठरलेला असतो, हे मान्य. नाटकाचा शेवटही ठरलेलाच असतो. म्हणून नटाला कोणी लबाड म्हणत नाही.

पण नटाचा खांदा सहसा निखळत नाही! २०२१ साली २० मल्ल, दोन गट, प्रत्येकाच्या वाट्याला गटातल्या ९ लढती, आणि सगळे पाच आठवड्यांत. पहिल्याच दिवशी तेत्सुया नाइतोचा गुडघा दुखावला. त्याची स्पर्धा तिथेच संपली. अंतिम लढतीत कोटा इबुशीने कोपऱ्यातल्या दोरांवरून उडी घेतली, ती चुकली, खांदा निखळला. पंचाने लढत थांबवली.

यात खोटे काय, सांगा बरे? 'खोटी' म्हणून हसणे आपल्याला सोयीचे, आणि आयोजकांना त्याहून सोयीचे. खोट्या लढतीत माणूस किती झिजला, हे कोण विचारणार? २०२५ सालीही गणित तेच, २० मल्ल आणि ९-९ लढती.

माझा सवाल एवढाच: ज्यांना विजेता आधी ठरवता येतो, त्यांना मल्लाची विश्रांती का ठरवता येऊ नये?