ओझे सायकलीवर की पाठीवर?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, हिची पाठ दुखते, खांदे भरून येतात. मणक्याचा फोटो काढून पाहू न एकडाव." मुलीला तपासले. मणका सरळ, वाकणे-उठणे व्यवस्थित, पायांतली ताकद उत्तम. फोटोची काही गरज नव्हती. शाळेत कशी जातेस, असे विचारले तेव्हा कळले की ती खेड्यावरून दारव्ह्याला सायकलने येते, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. सायकल बाहेरच उभी होती. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, आपल्याकडे पोरे जिला 'रेंजर' म्हणतात तशी. मागे कॅरिअर नाही, मडगार्डही नाही. दप्तर पाठीवर. काट्यावर ठेवले तर भरले साडेसहा किलो. मुलीचे वजन ४२ किलो.

वाचकहो, या सायकलीला कॅरिअर का नसते? तिचा जन्म १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. तिथली हौशी पोरे जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खडकाळ वाटेने सुसाट खाली येत. अशा उतारावर मागे लटकलेले ओझे अडचणीचेच, म्हणून ते काढून टाकले. तीच ठेवण आपल्या बाजारात आली आणि आमच्या मुलांना फार आवडली. पण आमची मुले डोंगर उतरत नाहीत, भूगोलाचे पुस्तक आणि डबा घेऊन शाळेत जातात. शर्यतीची सायकल आली, ओझे मात्र जिथल्या तिथे राहिले. ते मग पाठीवर चढले.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. काळी, दणकट सायकल. तिच्या कॅरिअरला चिमटा, आणि चिमटा ढिला झाला की जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. गवळी दोन्ही बाजूंना कॅन अडकवून यायचा, पोस्टमनचा थैला हँडलला असायचा. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी दोन-दोनशे किलो सामान सायकलींवर लादून, त्या हाताने ढकलत जंगलातून नेले. सांगायचे इतकेच की भार पेलणे हे सायकलीच्या सांगाड्याचे काम आहे, ते पाठीने करण्याचे कारण नाही.

पाठीवर ओझे घेऊन पायडल मारताना नेमके काय होते? हँडल धरायला आपण पुढे वाकतो. वाकलेल्या धडाला सावरून धरण्याचे काम कंबरेचे स्नायू आधीच करीत असतात. त्यात साडेसहा किलोची भर पडते. तो भार पुढे मनगटांवर आणि खाली सीटवरही जातो. पट्टे अरुंद असले तर खांद्याजवळून जाणाऱ्या नसा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या येतात. शिवाय ओझे उंचावर असल्याने तोल लवकर जातो. मागून ट्रक आला आणि रस्त्याच्या कडेला उतरावे लागले, की हे कळते. आणि आमच्या भागातले ऊन! मार्च-एप्रिलमध्ये दप्तराखाली पाठ घामाने निथळते, वारा लागत नाही आणि मग घामोळे घेऊन तीच मुले आमच्याकडे येतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जड दप्तराने मणका कायमचा वाकतो, असे सर्रास बोलले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दप्तरामुळे मुलांना पाठदुखी जडते असे खात्रीने म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा आईबापांनी घाबरून फोटो काढत सुटू नये. पण रोग होत नाही म्हणजे त्रास होत नाही, असे नव्हे. थकवा खरा, घाम खरा, डगमगणारी सायकल खरी.

दप्तराच्या वजनाची चर्चा तशी जुनी आहे. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत हा प्रश्न मांडला होता, पुढे प्रा. यशपाल समितीचा अहवाल १९९३ मध्ये आला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आदेश काढला की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. आमच्या या मुलीचे दप्तर सव्वाचार किलोंच्या आत हवे होते. जास्तीचे वजन कुठून आले ते पाहिले, तर एकट्या दोन लिटर पाण्याच्या बाटलीचेच दोन किलो! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे गणित घराघरांत विसरले जाते. पाणी कमी नेऊ नका, आमच्या हवेत तर मुळीच नाही. फक्त ते पाठीवर नको. सायकलच्या दांडीला बाटलीची जाळी बसते, त्यात एक लिटर न्या आणि शाळेत पुन्हा भरून घ्या.

पाठीचीही एक बाजू आहे. टेक्सासच्या उन्हात शंभर मैलांच्या सायकल-शर्यतीत मायकेल आयडसन नावाच्या गृहस्थाने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीला बांधली आणि नळीने पाणी पीत शर्यत पूर्ण केली. त्यातूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाण्याच्या पाठपिशव्या निघाल्या. डोंगरातल्या सायकलस्वारांना त्या सोयीच्या वाटतात, कारण खाचखळग्यांत ते सीटवरून उठतात आणि हातपाय स्प्रिंगसारखे धक्के झेलतात. पाठीवरच्या वस्तूला त्यामुळे कमी हादरे बसतात. सांगाड्याला बांधलेल्या वस्तूला प्रत्येक खड्डा पुरता बसतो. (आमच्या रस्त्यांवर कॅरिअरवरच्या डब्यातली भाजी वह्यांवर येते, ती याचमुळे.) तरीही अलीकडे तेसुद्धा पंप, पाने, जादा ट्यूब सायकललाच बांधू लागले आहेत.

म्हणून माझे मत असे: जड ते सायकलीवर, नाजूक ते अंगावर. चष्मा, मोबाइल, दम्याचा पंप, पैसे हे लहानशा पिशवीत अंगाजवळ असू द्या. सायकल चोरीला गेली किंवा आपण पडलो तरी ते आपल्यापाशी राहते. पुस्तके, डबा, खेळाचे सामान कॅरिअरवर. जड वस्तू तळाशी आणि सीटच्या बाजूला ठेवा. दप्तर नुसते चिमट्यात अडकवू नका, रबरी पट्ट्याने आवळा आणि पट्ट्याची टोके चाकात जाणार नाहीत हे पाहा. ओढणीचेही तेच. हँडलला जड पिशवी लटकवणे मात्र वाईटच. वळताना ती आडवी येते आणि आऱ्यांत अडकली तर मूल तोंडावर पडते. मागेही शॉकअप असलेल्या सायकलीला साधे कॅरिअर बसत नाही. सीटच्या नळीला आवळायचे मिळते, पण ते किती वजन घेते हे दुकानात विचारून घ्या.

पाठदुखी रात्री झोपेतून उठवत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल तर दप्तराला दोष देत बसू नका, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

त्या गृहस्थांनी त्याच दिवशी मिस्त्रीकडे जाऊन कॅरिअर आणि बाटलीची जाळी बसवली. सीट फार खाली होती, तीही मी वर करायला सांगितली होती. पंधरा दिवसांनी मुलगी आली ती लहान भावाच्या खोकल्यासाठी. पाठ दुखत नाही म्हणाली. कॅरिअरने गुण आला की सीटने, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही कामे एकाच दिवशी झाली होती.