लहरींच्या शेतातली पांधण

जमिनीच्या बांधावरून वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. डोक्यावरून जाणाऱ्या लहरी कुणाच्या, यावरून मात्र कुणी कुणाशी भांडले नाही. भांडण्याचे कारणच नव्हते. गच्चीवर अँटेना चढवायची, खालून कुणीतरी ‘आलं, आलं... गेलं’ असे ओरडायचे आणि पडद्यावरच्या मुंग्या हटल्या की दूरदर्शन घरात येई. ऐंशीच्या दशकात संचाचे परवाना शुल्क रद्द झाल्यावर तर या पाहण्याला महिन्याकाठी दमडीही पडत नव्हती. अमरावती आणि अकोल्याच्या एका पिढीने जग पाहिले ते असे.

ती व्यवस्था आता इतिहासजमा झाली आहे. मनोऱ्यांवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण ३१ मार्च २०२२ पर्यंत गुंडाळण्याचा कार्यक्रम प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केला. सामरिक महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणे तेवढी त्यातून वगळली. यातून वीज वाचेल आणि मोकळ्या होणाऱ्या लहरी ५-जीसारख्या नव्या तंत्रज्ञानाच्या कामी येतील, हा त्यामागचा युक्तिवाद होता. तो चुकीचा नाही. प्रश्न उरतो तो वेगळाच.

मनोरा गेला, डबा आला

अमेरिकेने जून २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१२ मध्ये जुने प्रक्षेपण बंद केले, तेव्हा त्याच मनोऱ्यांवरून नवे डिजिटल प्रक्षेपण सुरू होते. जुना संच असणाऱ्यांना डबा घेता यावा म्हणून अमेरिकी सरकारने घरटी ४० डॉलरची दोन कुपने दिली, तर ब्रिटनने वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी खास मदत योजना राबवली. एका हाताने काढून घेताना दुसऱ्या हाताने काही द्यावे लागते, हे त्यांनी मान्य केले होते.

आपल्याकडे गाडी दुसऱ्याच रुळावरून गेली. २०११ च्या दुरुस्ती कायद्याने डिजिटल होण्याची सक्ती झाली ती केबलवर. महानगरांपासून सुरुवात झाली. अमरावती-अकोल्यासारखी शहरे तिसऱ्या टप्प्यात आणि खेडी चौथ्या टप्प्यात आली. मुदती लांबत लांबत २०१७ उजाडले आणि केबलवाल्याच्या तारेच्या टोकाला डबा बसला. डब्याचे पैसे अर्थात ग्राहकाचे. मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण दूरदर्शनने २०१६ पासून काही निवडक मोठ्या शहरांत सुरू केले. महाराष्ट्रात त्यात मुंबई आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) होते. वऱ्हाड नव्हते.

यावर कुणी म्हणेल, छतावर छत्री बसवा, २००४ पासून दूरदर्शनची फुकट डिश आहेच की! आहे, आणि ती गरिबाघरची मोठी सोय आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ती छत्री ज्या उंच कंप्रतेवर चालते, तिला जोरदार पाऊस सोसत नाही. आभाळ फुटल्यासारखे कोसळू लागले की चित्र गोठते. शेतकऱ्याला हवामानाची बातमी हवी असते ती नेमकी त्याच वेळी.

खालच्या पट्ट्याचे मोल

कंप्रता जितकी खालची, तितकी लहर लांब जाते. भिंती आणि झाडोरा तिला कमी अडवतात. दूरचित्रवाणीला जगभर हे खालचे पट्टे मिळाले होते आणि मोबाइल कंपन्यांचा डोळाही त्यांच्यावरच आहे. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा अनेक देशांत दूरचित्रवाणीकडून मोबाइलकडे गेला. आपल्या सरकारने तो २०१६ मध्ये लिलावात काढला तेव्हा एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत होती ११,४८५ कोटी रुपये. कुणी बोली लावली नाही. २०२१ मध्ये ६,५६८ कोटींवर उतरूनही तोच प्रकार. २०२२ मध्ये किंमत ३,९२७ कोटींवर आली, तेव्हा जिओने देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ ३९,२७० कोटींना घेतले.

हयात बँकेत गेलेल्या माणसाला असे आकडे फार वेळ दिपवू शकत नाहीत. या लहरी कायमच्या विकल्या जात नाहीत, २० वर्षांच्या वापरासाठी दिल्या जातात. म्हणजे हा मक्ता झाला. आणि मक्ता काय असतो, हे वऱ्हाडी माणसाला शिकवावे लागत नाही. मालक शेत मक्त्याने देतो तेव्हा दोन गोष्टी बजावून सांगतो: बांधावरचे झाड तोडायचे नाही आणि गावाची पांधण नांगरायची नाही. पैसा कितीही मिळो, पांधण सगळ्यांची.

लहरींचा मालक कोण, याचे उत्तर तर ९ फेब्रुवारी १९९५ रोजीच मिळाले आहे. क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या पीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. मालक जनता आणि सरकार तिचे विश्वस्त.

आता ठरायचे आहे ते

४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा ही आता उरलेली पांधण आहे. इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर चित्रवाणी पोहोचवण्याचे तंत्र प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी तपासले. त्यासाठी हा पट्टा राखून ठेवण्याची भूमिका केंद्रीय माहिती व प्रसारण सचिवांनी जानेवारी २०२४ मध्ये मांडली आणि १९ शहरांत चाचण्या घेण्याचा मनोदय सांगितला. मोबाइल कंपन्यांचा या कल्पनेला विरोध आहे. वेगळी चकती बसवल्याशिवाय हातातला फोन हे प्रक्षेपण पकडणार नाही आणि तिचा खर्च कुणी सोसायचा, हा त्यांचा आक्षेप रास्तही आहे. त्याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.

परंतु चाचण्या पुन्हा शहरांतच का? दिल्ली-मुंबईत चित्र पोहोचवण्याचे दहा मार्ग आधीच आहेत. या तंत्राची खरी परीक्षा मेळघाटात होईल. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगररांगांत पाड्यावरून फोन लावायचा तर अनेक ठिकाणी टेकडी चढावी लागते. तिथे पावसाळ्यात पुराची सूचना, लसीकरणाची तारीख, कापसाचा भाव कोरकू आणि मराठीत फुकट पोहोचला, तर त्या लहरी राखून ठेवल्याचे सार्थक झाले. तिथे नाही पोहोचला, तर हा पट्टाही खुशाल लिलावात काढावा; निदान तिजोरीत तरी काही पडेल.

दर लिलावाआधी एवढेच विचारायला हवे: पैसा किती येणार, यासोबतच पांधण कुठून जाणार? आणि हा प्रश्न अमरावतीच्या आणि अकोल्याच्या खासदारांनी संसदेत विचारायला कुणाचीच हरकत नसावी.