घरी सोडण्याचा दिवस

मार्चअखेर आला की रुग्णालयाचे वार्षिक टिपण माझ्या मेजावर येते. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती जण बरे होऊन घरी गेले, हे आकडे कार्यालय तयार करते आणि रुग्णालयाचा प्रमुख म्हणून मी खाली सही करतो. यंदा ‘बरे होऊन घरी गेले’ या रकान्यापाशी पेन थबकले. त्यात मोजले गेलेले एक आजोबा अकराव्या दिवशी बेशुद्धावस्थेत आमच्याच दारी परत आले होते.

वय 78. न्यूमोनियासाठी दाखल झाले आणि त्यातून चांगले सावरले. घरी सोडताना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी लिहून दिली होती. हेच औषध ते दुसऱ्या कंपनीच्या नावाने कित्येक वर्षे घेत होते. आजींनी डब्यातली जुनी गोळी चालू ठेवली आणि नवीही सुरू केली. ‘जुनी बंद करा’ असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होते आणि विम्याच्या मंजुरीची वाट पाहून थकलेल्या मुलाच्या हाती ते बिलाच्या खिडकीवर पडले होते.

आजारपणानंतर भूक मंदावलेली असते, उतारवयात मूत्रपिंडांचे कामही संथ झालेले असते. अशा वेळी दुप्पट झालेली ही गोळी रक्तातील साखर धोकादायक पातळीवर उतरवते. दुपारी आजोबा असंबद्ध बोलू लागले, घामाने भिजले आणि मग झोपी गेले. अशक्तपणा असेल, विश्रांती घेऊ दे, म्हणून कोणी उठवले नाही. रात्री तातडीच्या विभागात मोजली तेव्हा साखर होती 34. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले, तरी दोन दिवस ठेवून घ्यावे लागले. या गोळीचा अंमल बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

वाचकांनी येथे एवढे ध्यानी घ्यावे. मधुमेही ज्येष्ठाला अकारण घाम, थरथर वा गोंधळ दिसला तर प्रथम साखर मोजावी. ती 70 पेक्षा कमी असेल आणि रुग्णाला नीट गिळता येत असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे. साखर वर आली, तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

या घटनेवर आमची बैठक झाली तेव्हा पहिला सूर ‘घरच्यांनी विचारायला हवे होते’ असाच निघाला. हे वाक्य मीही अनेक वर्षे उच्चारले आहे. पण काय विचारायचे, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने विचारावे तरी काय?

त्यानंतर आम्ही एक साधा कागद केला. मराठीत, ठळक अक्षरांत, तीन रकान्यांचा: नव्या गोळ्या, चालू ठेवायच्या गोळ्या, बंद करायच्या गोळ्या. दाखल होतानाच घरातील औषधांची पिशवी मागवून घ्यायची. सोडण्याच्या दिवशी, बिलाच्या आधी, परिचारिकेने जो प्रत्यक्ष गोळ्या देणार आहे त्याच्यापाशी बसायचे आणि सकाळी काय देणार, रात्री काय देणार, हे त्याच्याच तोंडून ऐकायचे. यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती आणायची कोठून, यावर काही सहकाऱ्यांनी माझ्याशी वाद घातला आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रविवारी मनुष्यबळ अपुरे असते. त्या दिवशी हा कागद आजही अर्धवट भरला जातो. वार्षिक टिपणात त्यासाठी रकाना नाही. मी तो हाताने आखला आहे.

आजी आता तपासणीला येताना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या गोळ्या घेऊन येतात आणि डबा मेजावर पालथा करतात. मागच्या खेपेस त्यातून आम्लपित्ताची एकच गोळी दोन नावांनी निघाली. त्यांतले एक पाकीट आमच्याच औषधाच्या दुकानातले होते.