पाण्याचा जमाखर्च

रायपूरहून बिलासपूरकडे जाताना वाटेत सिलतरा लागते. येथे पोलादाच्या कारखान्यांची धुरांडी आणि भाताची खाचरे एकाच परिसरात दिसतात. जेथे शेती आणि कारखाने दोघांनाही पाणी हवे असते, तेथे सिंचनाची कोणती पद्धत अधिक कार्यक्षम, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

शेताला दिलेल्या पाण्यापैकी जेवढे पिकाच्या मुळांना उपयोगी पडते, तेवढी त्या पद्धतीची कार्यक्षमता होय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८९ साली दिलेले ढोबळ आकडे असे : प्रवाही सिंचन ६० टक्के, तुषार ७५ टक्के, ठिबक ९० टक्के. परंतु पाणी आधी शेतापर्यंत यावे लागते. पोयट्याच्या जमिनीतील लांब, कच्च्या कालव्यातून १०० भागांपैकी ७० भाग शेतावर पोहोचतात. प्रवाही सिंचनात त्यांतील ४२ भागच मुळांना मिळतात. कालव्याला अस्तर केल्यास ९५ भाग पोहोचतात आणि मुळांचा वाटा ५७ होतो. शेतात एकही नळी न टाकता साधलेला हा लाभ आहे.

मग उरलेले पाणी गेले कोठे? भाषांतर करताना इंग्रजीतील ‘लॉस’ या शब्दासाठी ‘नाश’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. मला तो मान्य नाही. छत्तीसगडात पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. कन्हार या काळ्या, चिकण जमिनीत ते टिकते. भाटा या मुरमाड जमिनीत झपाट्याने मुरते. मुरलेल्या पाण्याचा काही अंश खालच्या अंगाच्या विहिरीत पुन्हा मिळतो. वाफ होऊन गेलेले पाणी मात्र त्या शेताला परत मिळत नाही. म्हणजे एकाच्या हिशेबातील खर्च दुसऱ्याच्या हिशेबात जमा असू शकतो. अस्तर करण्यापूर्वी त्या विहिरीच्या धन्यालाही विचारले पाहिजे.

यावरून ठिबक निरर्थक ठरत नाही. भाटा जमिनीवरील भाजीपाल्याला वा फळबागेला ते फार उपकारक आहे. पण वाचलेल्या पाण्यावर कालव्याच्या मुखाकडील शेतकऱ्याने आणखी जमीन भिजविली, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? १९७८ साली पूर्ण झालेल्या गंगरेल धरणाचे पाणी महानदीच्या कालव्यांना, भिलाईच्या पोलाद कारखान्याला आणि रायपूर शहराला जाते. तेथे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची जुनी फड पद्धती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तेथील पाणी उघड्या पाटानेच वाहते. परंतु कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे गावकरी मिळून ठरवितात आणि पाटकरी ठरलेल्या पाळीने पाणी देतो. यंत्र साधे असले, तरी नियम पक्का आहे.

म्हणून माझे मत असे की, कार्यक्षमतेचा आकडा कधीही एकटा मांडू नये. किती पाणी वाचले, यासोबत ते कोणाला मिळाले, हेही लिहिले जावे. त्याशिवाय पाण्याचा जमाखर्च पुरा होत नाही.